काळी म्हणजे जुनी नव्हे

चांदीच्या भावाने उसळी घेतल्यापासून मला एक नवाच उद्योग लागला आहे. ओळखीपाळखीचे लोक मोबाईलवर एखाद्या दागिन्याचा फोटो पाठवतात आणि खाली विचारतात, "ही चांदी जुनी आहे का हो?" माझी सासुरवाड निपाणीकडची, अधूनमधून हुपरीला माझी फेरी होते आणि कोणी ऐकणारा भेटला की मी जुन्या दागिन्यांवर बोलत सुटतो. एवढ्याच भांडवलावर लोकांनी मला जाणकार ठरवून टाकले आहे. फोटोत काळेकुट्ट असे काहीतरी असते. ते हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात घेतलेले असते, पणजीतल्या एखाद्या 'अँटिक' दुकानातले असते, नाहीतर इन्स्टाग्रामवरून मागवलेले असते. विकणाऱ्याने सांगितलेले असते की शंभर वर्षांचे आहे, बेळगावकडच्या एका घराण्यातले आहे. घराणे नेहमी बेळगावकडचेच का असते कोण जाणे. गोव्यापासून पुरेसे जवळ आणि चौकशीला जायला पुरेसे लांब, म्हणून असेल.

गंमत पुढेच आहे. हे फोटो पाठवणाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या आजीचे तोडे चोर्ल्याचा घाट चढून बेळगावात नेले, मोडीत घातले आणि त्यावर नवे ताट-वाटी-फुलपात्र आणले. म्हणजे घरातले खरे जुने मुशीत घालायचे आणि बाजारातले खोटे जुने गळ्यात घालायचे. असा व्यवहार करणारी माणसे अडाणी नाहीत, चांगली शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, लोकसंस्कृतीवरच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारी आहेत. त्यांना विचारले तर म्हणतात, "अहो, तोड्यांना टंच नव्हता."

आजचा लेख या टंचाविरुद्ध आहे.

टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती भाग, तो आकडा. सराफाला तो लागतोच, कारण त्याला धातू विकत घ्यायचा असतो. पण आपण तोच आकडा दागिन्याच्या खरेपणाचा दाखला समजतो. वास्तविक जुन्या दागिन्याला विचारायचे प्रश्न तीन आहेत. ही चांदी आहे का? ही जुनी आहे का? आणि ज्या गावची, ज्या माणसांची म्हणून सांगतात त्यांचीच आहे का? टंच यातल्या फक्त पहिल्याचे उत्तर देतो. उरलेल्या दोहोंविषयी तो मुका आहे, आणि मुक्याची साक्ष आपण शेवटची मानतो.

आधी हा मुलूख कोणता ते सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे चांदीचे गाव. पैंजण म्हणजे हुपरी, असे समीकरण देशभरच्या बाजारात आहे. तिथून सरहद्द ओलांडली की मांगूर, कारदगा, बोरगाव ही निपाणी भागातली गावे. ती कर्नाटकात, पण तिथल्या घराघरांतले हात हुपरीच्याच कामाला लागलेले. कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, कुणी घुंगरू लावतो, आणि यातले बरेचसे काम बायका घरच्या ओट्यावर बसून करतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत निपाणी, चिकोडी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, हुपरी मुंबई राज्यात राहिले. कारागिराच्या हाताला ती रेषा समजली नाही. इकडे बेळगावातले शहापूर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचे होते आणि तिथली सराफी पेठ गोव्याच्या गिऱ्हाइकाला पिढ्यान्पिढ्या ओळखीची. तेव्हा जुनी चांदी ओळखायची शाळा कुठे असेल तर ती याच पट्ट्यात असायला हवी होती. तशी ती नाही. तिथेही काटा, मशीन आणि मूस, एवढीच साधने.

आता लोक काय तपासतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे शिक्का. फोटो पाठवणारा अभिमानाने लिहितो, "मागे ९२५ असे कोरलेले आहे." शंभर वर्षांपूर्वी निपाणीच्या सोनाराने घडवलेल्या तोड्यावर ९२५ हा आकडा कुठून येणार? इंग्लंडात चांदीची तपासणी १३०० सालच्या कायद्यापासून आहे, लंडनमध्ये १४७८ पासून वर्षावर्षाचे अक्षर उमटवतात, त्यामुळे त्यांच्याकडच्या चमच्याचे वयसुद्धा शिक्क्यावरून सांगता येते. आपल्याकडे तशी पद्धतच नव्हती. साहेबांसाठी भांडी घडवणाऱ्या काही पेढ्या आपले नाव उमटवत. भुजच्या उमरसी मावजींचा 'ओ. एम. भुज' हा ठसा प्रसिद्ध आहे, मद्रासची ऑर अँड सन्स आहे, कलकत्त्याची हॅमिल्टन आहे. पण ती चहाची किटली झाली. गावातल्या बाईच्या पायातल्या तोड्यावर कोण शिक्का मारणार? तिचा सोनार समोरच्या आळीत राहत होता, त्याचे तोंड हाच शिक्का. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी हॉलमार्क सुरू केला तो २००५ मध्ये. सोन्याला तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीला सप्टेंबर २०२५ मध्ये सहा अक्षरी ओळख-क्रमांकाची सोय आली ती ऐच्छिक म्हणून. तेव्हा 'पणजीच्या' तोड्यावर ९२५ दिसला तर उडी मारू नये. तो आकडा तोड्याच्या बाजूने नव्हे, विरुद्ध साक्ष देतो.

चांदीकडे सरकारचेही लक्ष तसे कमीच. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरेटची अट आली, सोनारांची घरे बसली. तो कायदा १९९० मध्ये गेला. त्या साऱ्या धामधुमीत चांदीला कुणी हात लावला नाही. म्हणजे तिच्यावर ना नियंत्रण, ना नोंद. मी कारकुनी करणारा माणूस, कागदावर माझा जरा जास्तच विश्वास. पण इथे कागदच नाही, म्हणून वस्तूच वाचायला शिकावे लागते.

दुसरी गोष्ट काळेपणा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा थर चढतो म्हणून. हा थर वर्षानुवर्षांत चढतो आणि दोन मिनिटांतही चढतो. बाजारात 'लिव्हर ऑफ सल्फर' नावाचे रसायन मिळते, कोमट पाण्यात विरघळवून त्यात दागिना बुडवला की झाला शंभर वर्षांचा. यात बेकायदेशीर काही नाही, 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकले तर तो एक नक्षीचाच प्रकार आहे. लबाडी सुरू होते ती त्याला आजी जोडली की. खरे जुने काळेपण सगळीकडे सारखे नसते. जिथे कातडी, लुगड्याचा काठ, शेजारचा दागिना घासतो तिथे चांदी पांढरी राहते, खळग्यात काळी होते, आणि त्या खळग्यात नुसता काळा थर नसतो. तेल, हळद, साबण, धूळ यांचा मिळून एक चिकट गोळा बसलेला असतो. रिठ्याच्या पाण्यात टाकला की तो सुटतो आणि पाणी गढूळ होते. रसायनाने काळा केलेला दागिना रिठ्यात टाका, पाणी जवळजवळ जसेच्या तसे राहते.

खरी परीक्षा झिजेची. सोने लक्ष्मी, ते कमरेखाली घालायचे नाही, या समजुतीमुळे आपल्याकडे पायातले सगळे चांदीचे. तोडे, वाळे, साखळ्या, जोडवी, मासोळ्या, विरोद्या. कमरेला कमरपट्टा, पोराच्या कमरेला करगोटा. दंडात वाकी आणि गळ्यात चांदीची सरी शेतकरी घरांत होती, ती आधी गेली. पायातला दागिना तीस-चाळीस वर्षे रोज घातला की कुठे झिजेल याचा विचार करा. तोडा घोट्याच्या हाडावर टेकतो, तिथे आतून गुळगुळीत होतो. दोन्ही पायांतले तोडे चालताना एकमेकांना लागतात, तिथे बाहेरून चपटे होतात. शेतात उकिडवे बसून भांगलणाऱ्या बाईच्या तोड्याची मागची बाजू जमिनीला घासते. साखळीची कडी बाहेरून जाड आणि आतून, जिथे दुसरी कडी ओढते तिथे, खोबणीसारखी पातळ होते. जोडवे तळाशी पत्र्यासारखे होते. ही झीज म्हणजे एका बाईच्या चालण्याचा नकाशा असतो. नकली जुने करणारा काय करतो? पॉलिश कागद फिरवतो, नाहीतर दागिने खड्यांबरोबर पिंपात घोळवतो. त्यामुळे ओरखडे सगळीकडे पडतात, जिथे पाय लागूच शकत नाही तिथेही. माझ्याकडे आलेल्या एका कमरपट्ट्याची आतली बाजू, पोटाकडची, बाहेरच्यापेक्षा जास्त खरवडलेली होती. असा पट्टा घालून कुणी काय केले असेल, याची कल्पनाही करवत नाही.

मग जोड. जुन्या कामात झाळ दिसते. चांदीत तांबे-जस्त मिसळून केलेली झाळ जरा पिवळसर पडते आणि काळानुसार तिचा रंग मूळ चांदीपासून आणखी वेगळा होतो. नव्या कारखानी साखळीत कडी बिनझाळीची, मशीनने चिकटवलेली असते, जोड शोधावा लागतो. जुन्या झाळीत कॅडमियम सापडले तर ती जुनी नव्हे, कारण चांदीच्या झाळीत कॅडमियम घालायची रीत विसाव्या शतकातली. फिरकी पाहावी. हाताने पाडलेल्या आट्या सारख्या नसतात, एका तोड्याची फिरकी दुसऱ्याला नीट बसत नाही, म्हणून सोनार दोन्हीवर खुणेची एकेक रेघ ओढून ठेवायचा. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते. जुनी लाख तडकते, कानाशी हलवली तर कधी आत बारीक आवाज येतो. ओतीव नकलेत एक गंमत असते. अस्सल नगावरून रबरी साचा घेऊन ओतले की माल थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान आणि नक्षी किंचित बोथट. आणि एकाच साच्यातल्या दहा नगांवर एकाच जागी एकच बारीक खळगा असतो. दुकानात 'जुन्या' जोडव्यांची परडी समोर आली तर एक उचलू नका, दहा उचला.

हाताने घडवलेले म्हणजे जुने, असेही मात्र धरू नये. हुपरी-मांगूरच्या ओट्यावर आजही हातच चालतो. जंतरातून तार ओढणे आजोबांच्या वेळचे तसेच नातवाच्या वेळचे. त्यांचा नवा माल नवा म्हणूनच निघतो, तो काळा होतो पुढच्या वाटेवर.

वजन. जुना दागिना तोळ्यावर, म्हणजे रुपयाभारावर घडायचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, कारण इंग्रजी रुपयाच तेवढ्या वजनाचा. चाळीस भार तोड्यांची जोडी मुळात ४६६ ग्रॅम. आज ती ४५० भरली तर सोळा ग्रॅम कुठे गेले ते झिजेत शोधा. झीज दिसते आणि हिशेब जुळतो, तर ती एक बळकट खूण. झीज भरपूर आणि वजन बरोबर पाचशे ग्रॅम, तर दशमान पद्धतीत जन्मलेले बाळ आहे ते.

आणि धातू. इथे आपल्या लोकांचा सर्वांत लाडका समज मोडायला हवा. जुनी चांदी म्हणजे शंभर नंबरी, असे जो तो म्हणतो. बहुतेक घरांत चांदी यायची ती रुपयांच्या रूपाने. सोनाराकडे राणीछाप रुपये मोजून द्यायचे, तो ते आटवून डाग करायचा. राणीचा रुपया ९१.६६ टंचाचा. त्यात कड्यांची झाळ धरली की तयार साखळी पंच्याऐंशीच्या आसपास उतरली तर सोनार चोर ठरत नाही. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचाच केला. चाळीसच्या दशकातले रुपये आटवून कुणी डाग केला असेल तर तो पन्नास टंचाचा निघेल, आणि तरीही तो अस्सल, जुना, त्या घरचाच असेल. आमच्या गोव्याचा रुपियाही १८८१ पासून वजनाने आणि कसाने इंग्रजी रुपयाचा जुळा भाऊ होता. म्हणजे घाटाखालच्या रुपियाचा तोडा आणि घाटावरच्या रुपयाचा तोडा, मशीनला दोन्ही एकच. आता सांगा, टंच काय सांगणार?

रुपये ओवलेल्या माळा हल्ली फार दिसतात. नाण्यावरचे साल पाहून लोक माळेचे वय ठरवतात. नाणे फक्त एवढे सांगते की माळ त्या सालाच्या आधीची नाही. त्यातही १८६२ चा रुपया १८६२ चाच असेल असे नाही, ते साल पुढे दहाबारा वर्षे छपाईत तसेच चालू ठेवले होते. 'क्वीन' लिहिलेले नाणे १८७६ पर्यंतचे, 'एम्प्रेस' लिहिलेले १८७७ पासूनचे. १८७० चे साल आणि एम्प्रेस एकत्र दिसले तर नाणे परत द्यावे आणि पैसे परत घ्यावेत. नाण्यांच्या कड्या नव्या चकचकीत, पण नाणी झिजलेली, किंवा सगळी नाणी सारखीच झिजलेली, हेही बरे लक्षण नव्हे. वेगवेगळ्या हातांतून फिरलेली नाणी सारखी कशी झिजतील?

घरगुती परीक्षांविषयी थोडक्यात. चुंबक लावून पाहतात. चांदी चिकटत नाही, खरे आहे, पण तांबे, पितळ, शिसे आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल, जस्त असते, चांदी नावालाही नाही. बर्फ ठेवून पाहतात. तांब्यावरही बर्फ भराभर वितळतो. नाद ऐकतात, तो लाखेने भरलेल्या दागिन्याला येतच नाही. तेजाबाचा थेंब चांगला, हलक्या धातूवर तो हिरवा फसफसतो, पण मुलामा असेल तर आधी कानस मारावी लागते, म्हणजे दागिन्याला जखम. मशीन जखम करत नाही, मात्र ते फक्त वरचा अगदी पातळ थर वाचते. खाली पितळ आणि वर जाड मुलामा असला की मशीन खुशाल ९९ सांगते. शंका असेल तर पाण्यात वजन करावे. चांदीची घनता १०.४९, जर्मन सिल्व्हरची साडेआठ-पावणेनऊ. भरीव कड्याला ही परीक्षा उत्तम, लाख भरलेल्याला निरुपयोगी.

आता टंचवाद्यांना सर्वांत अडचणीचे उदाहरण. हणजुण्याच्या बाजारात आमच्या लमाणी बायका बसतात, कर्नाटकातून आलेल्या. त्यांच्या केसांतल्या घुगरी-टोपली पाहून परदेशी पर्यटक भान विसरतात. या जमातीचे जुने अलंकार चांदीचे होते तसेच कित्येक पांढऱ्या हलक्या धातूचेही होते, ऐपत असेल तसे. एखाद्या म्हातारीने चाळीस वर्षे घातलेली हलक्या धातूची टोपली अस्सल की नकली? टंचाने शून्य. पण तिच्यापुढे ठेवलेल्या परडीतली ९२.५ ची नवी टोपली, जी कोणत्याच बाईच्या केसांत कधी अडकवली गेली नाही, ती 'प्युअर सिल्व्हर' म्हणून दहापट किंमतीला जाते. चांदी असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी निपाणीतल्या एका सराफाच्या दुकानात मी सहज बसलो होतो. एक आज्जी आल्या, पिशवीत फडक्यात बांधलेले तोडे. मुलाला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा होता. सराफाने काट्यावर ठेवले, एका ठिकाणी कानस मारली, थेंब टाकला.

"आज्जी, ह्यात झाळच लई हाय. ऐंशीनं धरतो."

"धर की. माझ्या सासूचं हाय ते. तिच्या सासूनं घातल्यालं."

"आज्जी, सासूचा भाव काट्यावर येत न्हाई हो."

सगळे हसले, आज्जीही हसल्या. सराफ वाईट माणूस नव्हता, त्याने चहा मागवला, भाव चोख दिला. मग पोऱ्याने छिन्नी लावून तोडे दोन जागी तोडले, आत लाख आहे का पाहायला. तोड्यांच्या आतल्या अंगाला चार अक्षरे होती. मला वाटले मोडी असावी. वाचायला घेईपर्यंत ते तुकडे डब्यात पडले होते. मी मागितले तर सराफ म्हणाला, "साहेब, आता आटणीचा हिशेब झाला." अक्षरे कुणाची होती, बाईचे नाव की सोनाराचे की नुसता भार, ते मुशीला माहीत.

आज्जींनी विकले याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. स्त्रीधन असतेच अडीअडचणीसाठी, त्याचा तो धर्म आहे. तक्रार आहे ती गरज नसताना मोडणाऱ्यांबद्दल आणि त्यांना 'जुने द्या, नवे घ्या' असे फलक लावून बोलावणाऱ्या बाजाराबद्दल. २०२५ च्या डिसेंबरात चांदी किलोला दोन लाखांच्या पुढे गेली आणि कपाटे उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याचांदीच्या तारणावरचे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ ची मुदत घालून. त्यात चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत तारण ठेवता येतात. चांगलेच आहे, मोडण्यापेक्षा गहाण बरे. पण मोल फक्त धातूचे. घडणीचे शून्य, वयाचे शून्य. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षे जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणतो आणि ती देशाबाहेर नेण्यास मनाई करतो. देशातल्या देशात मुशीत घालायला कुणाची मनाई नाही. शंभर वर्षांचा तोडा लिस्बनला नेला तर गुन्हा, निपाणीत वितळवला तर व्यवहार.

आता एक जरा कडू गोष्ट. सीमाभागात सत्तर वर्षे भांडण चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. मराठीच्या बाजूने माझे मन कुठे आहे हे या पानाच्या वाचकांना माहीत आहे. दोन्हीकडचे लोक शिलालेख दाखवतात, सातबारा दाखवतात, शाळांचे पट दाखवतात, दुकानांच्या पाट्यांवरून डोकी फुटतात. या भागातल्या बायकांच्या अंगावर काय होते, ते कोणी घडवले, त्याला काय म्हणत, याची एक वही दोन्हीपैकी कुणाकडे नाही. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी जातवार पेहराव आणि दागिने टिपून ठेवले. भारतीय दागिन्यांवरचा सर्वांत जाडजूड ग्रंथ १९९७ मध्ये लिहिला तो ऑपी अंट्राख्ट या अमेरिकेत जन्मलेल्या धातुकारागिराने. आम्ही काय केले? आम्ही मोर्चे काढले. मोर्चे काढू नयेत असे मी म्हणत नाही. पण ज्या संस्कृतीसाठी मोर्चा, तिची चांदी मोर्चातल्याच घरांतून मोडीत जात होती.

कदाचित त्यामागे एक भीतीही असेल. हे दागिने कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाहीत. एकाच सोनाराने मराठ्याच्या घरचे तोडे केले, जैनाच्या घरची भांडी केली आणि लिंगायताच्या इष्टलिंगाची चांदीची करडिगेही केली. देव्हाऱ्यातले खंडोबाचे आणि यल्लम्माचे टाक त्याच ऐरणीवर ठोकले. तेव्हा दुकानदार जेव्हा 'टिपिकल मराठा ज्वेलरी' किंवा 'कन्नडा टेंपल सिल्व्हर' अशी चिठ्ठी लावतो, तेव्हा माझी शंका दुप्पट होते. सीमाभागातल्या अस्सल दागिन्याला इतके स्वच्छ आडनाव नसते.

टाकांविषयी वेगळे लिहायला हवे, इथे एवढेच की टाकांचा 'अँटिक' व्यापार सर्वांत किळसवाणा. पूजा बंद झालेले टाक पूर्वी नदीत सोडत, हल्ली फ्रेममध्ये घालून हॉटेलच्या भिंतीवर लावतात. आणि मागणी वाढली म्हणून ठशातून नवे काढून, हळदकुंकू फासून, चार दिवस धुरात टांगून 'पूजेतले' म्हणून विकतात. खऱ्या पूजेतल्या टाकावर देवाचे नाक-डोळे रोजच्या पुसण्याने जवळजवळ नाहीसे होतात आणि कोपरे शाबूत राहतात. नकलीत नेमके उलटे असते, कोपरे झिजलेले आणि देवाचे डोळे टक्क उघडे.

यावर काही जण म्हणतील, तुमचे सगळे खरे, पण आम्ही काय दागिने छातीशी कवटाळून बसायचे? कपाटात ठेवायला जागा नाही, चोरांची भीती, सुना घालत नाहीत. ठीक आहे. विका. पण मुशीआधी अर्धा तास द्या. दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आतल्या अंगाचाही, फिरकीचाही. वजन लिहा, ग्रॅममध्ये आणि तोळ्यात. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, याला तुम्ही काय म्हणायचात, कुणी घडवला, कोणत्या गावच्या बाजारात, किती रुपये आटवले. नाव तिच्या बोलीत जसे येईल तसे लिहा, शुद्ध करू नका. झीज कुठे आहे ते लिहा. आणि चिंच-रांगोळीने घासून चकचकीत करून मग फोटो काढू नका, त्यात सगळा पुरावा धुऊन जातो. पॉलिशवाल्याकडे तर मुळीच देऊ नका, त्याचे बफ झिजेसकट नक्षी खाते.

सराफांकडेही मागणे आहे. हुपरीत, निपाणीत, शहापुरात रोज जुना माल आटणीला जातो. आटणीआधी एक फोटो आणि वजनाची एक ओळ, एवढे ठेवायला मोबाईल पुरतो. गिऱ्हाइकाचे नाव नको, फक्त गाव. सराफांच्या संघटनांनी मनात आणले तर वर्षभरात या पट्ट्याचा जो संग्रह होईल तो कोणत्याही विद्यापीठाला जमणार नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या अशा वस्तू गोळा केल्या तेव्हा लोक त्यांनाही भंगार गोळा करणारे समजले असतील. त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता.

आणि ज्यांना हणजुण्यात काळे काहीतरी घ्यायचेच आहे त्यांनी खुशाल घ्यावे, छान दिसते म्हणून, नव्याच्या भावाने. दुकानदार शंभर वर्षे म्हणाला की त्याला एवढेच विचारा, कोणत्या गावचे, कुणाकडून आले, आणि त्या गावात याला काय म्हणतात. खरा जुना माल विकणाऱ्याला यातले एखादे तरी उत्तर ठाऊक असते. ज्याला तिन्ही ठाऊक नाहीत तो तुम्हाला ताबडतोब टंच सांगू लागेल.